नातीचं मराठी कोणी बंद केलं

आमच्या भावकीत, आणि लोणीला दिलेल्या माझ्या बहिणीच्या घरी तर जास्तच, अजून असं बोललं जातं की अमेरिकेतल्या नातीला मराठी येत नाही ते सुनेमुळे. ते खरं नाही.

नातीच्या शाळेत अर्धा दिवस सगळं स्पॅनिशमध्ये चालतं आणि अर्धा दिवस इंग्रजीत. गणितसुद्धा. शाळेत घातलं तेव्हा ती घरी चुरूचुरू मराठी बोलायची. मग एकाएकी गप्प राहायला लागली. मुलानं घाबरून मला फोन केला, कारण मी जन्मभर तळेघरच्या बाजूला मास्तर होतो. वाडीवरची पोरं वर्गात घरच्या बोलीत बोलायला लागली की मी दटावायचो आणि त्यामुळेच ती शिकली असं समजायचो.

"घरात मराठी बंद करा," मी म्हणालो. "तीन भाषांचं ओझं नको."

सून मागून बोलली, "पण दादा, तिच्या बाई म्हणतात, घरची भाषा सोडू नका."

"त्या बाईंपेक्षा जास्त पोरं शिकवलीत मी."

घरात इंग्रजी सुरू झालं, आणि दोन-तीन वर्षांत नात मराठी विसरली. तिचा अभ्यास घेता यावा म्हणून सुनेनं स्वतः स्पॅनिशही शिकून घेतलं.

यंदा नाताळच्या सुट्टीत सून आणि नात आमच्याकडे शिनोलीला आल्या. शेजारच्या उसाला तोड लागली होती. अशा वेळी बिबट्या जागा बदलतो. आठवड्यापूर्वी शेजाऱ्यांचं कुत्रं त्यानं नेलं होतं. दिवस कलला की, आवाजानं तो लांब राहावा म्हणून, कोणी मोबाईलवर गाणी लावल्याशिवाय विहिरीवरच्या मोटारीकडेही जात नव्हतं.

त्या संध्याकाळी बहीण आलेली. आम्ही अंगणात बसलो होतो, सून आत चहा करत होती. नात शेळीच्या करडामागे पळत होती. करडू बांधावरून आमच्या उभ्या उसाकडे गेलं, ती त्याच्या मागे.

बायको ओरडली, "थांब! माघारी फिर, बाय!"

नातीनं वळून पाहिलं, हसली आणि आणखी जोरात पळाली. आजी खेळतेय असं तिला वाटलं असावं. मी उठलो, पण गुडघ्यानं दगा दिला. मला इंग्रजी येतं. एक शब्द पुरला असता. तरी तोंडातून "थांब, थांब" एवढंच निघत होतं. ऊस तिच्यापासून हाताच्या अंतरावर होता. करडू आत शिरलं. पाचट सळसळलं, आणि ती सळसळ एवढ्याशा करडाची वाटेना.

सून धावत बाहेर आली. तिकडच्या शाळेत बाई ज्या स्पॅनिश शब्दानं सगळा वर्ग जागच्या जागी उभा करतात, तो शब्द तिनं ओरडून म्हटला. पोर खिळल्यासारखी उभी राहिली. सुनेनं तिला उचलून आणलं. करडू परत आलं नाही.

मग बहिणीनं सुरुवात केली. "सूनबाई, आज पोरगी गेली असती. कुठल्या मुलखातली भाषा कळती तिला, आन् आजीचं थांब म्हनलेलं कळत न्हाई. तू तिची आई, मराठीच हायेस ना?"

सून नातीच्या मोज्यांतली कुसळं काढत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. तिला माझं नाव घेता आलं असतं.

"मी बंद करायला लावलं," मी म्हणालो. "ती नको म्हणत होती."

बहीण हसली. "राहू दे, दादा. सुनेला पाठीशी घालतोय व्हय. लई मोठ्या मनाचा." लोणीला जाऊन तिनं तसंच सांगितलं, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

बायकोचा मात्र विश्वास बसला. ती म्हणाली, "फोनवर बोलायची न्हाई, तर मला वाटायचं, माझ्यावर रुसलीय पोरगी." त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

निघायच्या दिवशी गाडीत सामान भरून झाल्यावर सून माझ्याजवळ आली.

"दादा, आता घरात मराठी बोललं तर चालेल ना?"

एवढं झाल्यावरही ती मला विचारत होती.