शिंदे काकांना काढून टाकतो, साहेब!

तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. खुशाल हसा. पण आधी एवढं सांगा, स्वतःच्याच तोंडची वाक्यं ऐकून तुमचे हातपाय कधी गार पडलेत? माझे पडलेत राव! भर कॅन्टीनमध्ये, सगळ्या कंपनीसमोर, हातात आमटीची वाटी असताना!

मी महाळुंग्याच्या एका कंपनीत एचआरला आहे. गाड्यांच्या सीटा बनवतो आम्ही. म्हणजे सीटा बाकीचे बनवतात, मी माणसं घेणं, माणसं काढणं असल्या भानगडी बघतो. आणि घरी आलो की पत्ते खेळतो. थांबा, रमी नाही! राक्षस, ड्रॅगन, भुतं असतात ते पत्ते. शेकडो पत्त्यांतून आपले साठ निवडायचे, त्याला म्हणायचं डेक, आणि तो घेऊन समोरच्याला भिडायचं. यात पत्ता घेणं सोपं असतं हो. काढणं अवघड! एकेकावर जीव जडलेला असतो.

पत्त्यांची नावं मात्र ही लांबलचक, इंग्रजी. माझा जोडीदार निल्या, पिंपळे गुरवला आमच्याच सोसायटीत राहतो, त्याची जीभच अडकायची. म्हणून मी त्यांना आमच्या कंपनीतल्या माणसांची नावं ठेवली. एक दगडी राक्षस आहे, एकदा मांडला की जागचा हलत नाही. ते झाले शिंदे काका, आमचे स्टोअरकीपर. आग ओकणारी ड्रॅगनीण म्हणजे परचेसच्या देशपांडे मॅडम. आणि एक भूत आहे, असतं पण दिसत नाही. तो मेन्टेनन्सचा कदम!

रविवारी चिंचवडला स्पर्धा होती. शुक्रवारी सकाळी कंपनीच्या बसची वाट बघताना मला एकदम साक्षात्कार झाला, आपला डेक जड झालाय! लगेच निल्याला व्हॉइस मेसेज ठोकला. निल्या आणि मी एकमेकांना साहेब म्हणतो, बरं का.

"हां साहेब, ठरलं. शिंदे काकांना काढून टाकतो. फार जड झालेत, बसले की उठत नाहीत. कदम तर असून नसल्यासारखा, त्याच्या जागी नवीन घेऊ. देशपांडे मॅडम महाग पडतात, पण राहू दे. रविवारच्या आत सगळं उरकू. आणि कोणाला पत्ता लागू देऊ नका!"

पाठवला, बसमध्ये चढलो, तोंडावर रुमाल टाकून झोपलो.

आणि तो मेसेज गेला कुठे? 'प्लांट परिवार'वर! कंपनीच्या ग्रुपवर!

मला काय ठाऊक? मोशीला जाग आली तेव्हा बस चिडीचूप. एरवी क्रिकेटवरून गळे धरायचे बाकी असतात. आज प्रत्येकाच्या कानात इअरफोन आणि नजर माझ्यावर! मला वाटलं, घोरलो असेन. गेटवर नियमाप्रमाणे मोबाइल जमा केला आणि आत गेलो.

बघतो तर माझ्या केबिनमध्ये कदम! शिडीवर! ज्या माणसाला मी दिवाळीचा बोनस वाटतानाच काय तो बघितला होता, तो घामाघूम होऊन माझा पंखा पुसतोय!

"कदम? तू इकडे कसा?"

"पंखा कुरकुरत होता ना सर. केला नीट. एसीपण धुतला. सर, मी दिसतोय ना तुम्हाला?"

"दिसतोयस की!"

"बस. तेवढं लक्षात असू द्या."

हे काय नवीन? चक्रावून स्टोअरमध्ये गेलो. तिथे शिंदे काका चक्क उभे! खुर्ची दाराबाहेर ठेवलेली.

"अहो काका, बसा की!"

"न्हाई साहेब. आता बसायचं न्हाई."

"पण का?"

"साहेब, ही खुर्ची हाय ना, तिच्याखाली माझा कांदा व्हता. आमच्याच रानावर कंपनी उभी ऱ्हायली. म्हनून बसत व्हतो. माझ्याच वावरात बसल्यावानी वाटायचं." काकांनी दाराबाहेरच्या खुर्चीकडे बघितलं. "पर तुमी म्हनाल तर दिवसभर उभा ऱ्हातो."

मला काही कळेना. वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं असावं. म्हणून मी, अगदी प्रेमाने, काय म्हणालो असेन?

"काका, तुम्ही घरी जा. आता तुम्हाला आरामच हवा."

काकांच्या हातातला खोका धाडकन खाली पडला.

दुपारी कॅन्टीनमध्ये गेलो तर ताटं वाढलेली आणि एकही माणूस जेवत नाही. सगळे उभे. मी आमटीची वाटी उचलली, आणि समोर देशपांडे मॅडम! मोठ्या पदांवरच्या लोकांना मोबाइल आत न्यायची परवानगी असते. त्यांनी तो माझ्या नाकासमोर धरला.

"मी महाग पडते?"

आणि बटण दाबलं. माझाच आवाज! "शिंदे काकांना काढून टाकतो…"

अहो, वाटी हातातून सुटली! आमटी मॅडमच्या सॅन्डलवर! "मॅडम, ते… ते पत्ते आहेत!"

"पत्ते?" कदम किंचाळला. "सर, तुम्ही आम्हाला जुगारात पणाला लावलंत?"

मी केबिनकडे धावलो, डेक कायम बॅगेतच असतो, ती बॅग आणली, कॅन्टीनच्या टेबलावर अख्खा डेक मांडला. हा दगडी राक्षस, ही ड्रॅगनीण, हे भूत! काकांनी चष्मा लावला. पत्ता हातात घेतला.

"ह्यो मी?"

"हो काका. म्हणजे… स्वभावाने."

"ताकद किती हाय ह्याची?"

"आठ."

"आन् मॅडमची?"

"पाच."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मंग मला काढतोस कशापायी रं?"

'साहेब'चा 'रं' झाला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला! सगळे हसले. मॅडम नाही हसल्या. त्यांना पाच कमी वाटले. शेवटी रविवारच्या स्पर्धेचं सगळं सांगून टाकलं आणि सगळ्यांसमोर कबूल केलं, काका राहतील, कदम राहील, कोणालाही काढणार नाही.

मिटलं, असं वाटलं ना? मलाही वाटलं!

रविवारी स्पर्धेच्या हॉलवर पोचलो, तर मागे अख्खी फर्स्ट शिफ्ट हजर! आपापला पत्ता बघायला! समोर कॉलेजातली एक मुलगी खेळायला बसलेली. मी पत्ते हातात घेतले, आणि माझ्या पाठीमागून आरडाओरडा सुरू!

"आले, काका आले हातात, दगडी राक्षस! टाका की सर काकांना!"

"मॅडमपण आहेत, डावीकडून दुसऱ्या!"

"सर, मी कुठाय? सर, मी दिसत नाही!"

अहो, पत्ते लपवायचे असतात! त्या मुलीने माझ्या हाताकडे बघायचीसुद्धा तसदी घेतली नाही. नुसती माझ्या मागचा आरडाओरडा ऐकत होती. पहिल्याच फेरीत आडवा झालो. निल्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

शिंदे काकांनी टेबलावरचे पत्ते एकेक करून गोळा केले, नीट लावले.

"पत्ते समदे ब्येस हायती," ते निल्याला म्हणाले. "ह्यातलं कुनालाबी काढू नगा. खेळनारा तेवढा बदला."

आणि आमचा निल्या! त्याने तिथल्या तिथे मान डोलावली! मी 'अहो पण' म्हणेपर्यंत कदम गर्दीतून पुढे आला आणि माझ्यासमोर हात पसरला.

"सर, हँडओव्हर करता ना?"