पेवाच्या कडेची ज्वारी

वाशीमच्या बाजारात घासाघिशीत मला कोणी हरवलेलं नव्हतं. रिठदच्या म्हाताऱ्या कलालाकडून त्याच्या आजाची मोडी लिपीतली चोपडी मी निम्म्या बोलीत उचलली, तेव्हा चार दिवस मिशीला पीळ देत फिरलो. तिच्यात ज्वारीच्या काळ्या दारूची कृती होती. ती दारू बंद होऊन वीस वर्षं झाली, तरी जुनी माणसं तिची आठवण काढत.

चोपडीच्या भरवशावर बैलगाड्या विकून दुकानाचा परवाना घेतला. अटी दोन होत्या. विकायची ती फक्त काळी, आणि वर्ष पुरं होण्याआधी दुकान बंद पडलं तर परवाना पुन्हा मिळायचा नाही.

मी निवडून टपोरी, नवी ज्वारी आणली. भिजवली, मोड आणले, गूळ घालून रांजणात आंबवली. निघाली पिवळी. मग काळी होईपर्यंत ज्वारी भाजली. पहिलंच गिऱ्हाईक घोट थुंकून म्हणालं, "शेठ, चुलीतली राख कालवली काय?" मी त्याच्या अंगावर धावून गेलो. दुसऱ्या दिवसापासून दुकानात माश्याच.

गाड्या गेल्या होत्या, दुकान सोडता येत नव्हतं. रिठद गाठलं.

"बाबाजी, तुमी मले फसवलं."

"तू चोपडी मांगतली, म्या चोपडी देल्ली. ज्वारी कोनती, हे तू पुसलं काय?"

त्याने अंगणातल्या पेवावरची फरशी सरकवायला लावली. जमिनीखालच्या त्या कोठारात भिंतीला लागून ओल धरलेली, काळी पडलेली ज्वारी होती. तिला आंबूस वास येत होता. असली ज्वारी आम्ही ढोरांना घालतो.

"हे लिवाचं काय काम? चांगली ज्वारी दारूत कोन घालते?"

मी भाव विचारला. त्याला भाव नको होता.

"पयला पेला माहा. मी हो म्हनन तवाच विकायची."

अकरा वर्षं तो माझ्या उंबऱ्यावर बसला. गिऱ्हाइकं पेले घेऊन उभी, मी रांजणाशी उभा, आणि सगळ्यांचे डोळे त्या बोळक्या तोंडाकडे. त्याचं मन नसलं की मान हलायची आणि अख्खा रांजण मोरीत जायचा. पुढे त्याची चव गेली. एकदा मी त्याला नुसतं गुळाचं पाणी दिलं, तर त्याने मान डोलावली. पण लोक त्याच्या होकाराशिवाय पेला तोंडाला लावत नसत, आणि दुकान माझ्या नावावर होतं एवढंच.

तो गेल्यावर चोपडी माझ्याकडून किन्हीराजाच्या एका व्यापाऱ्याने घेतली. त्यानेही ती घासून घासून निम्म्यावर आणली. गूळ किती, आंबवायचं किती दिवस, सगळं खोदून विचारलं.

ज्वारीचं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.