भुंग्यांची पट्टी

कुठलंही पान हाती आलं की आमचे एक सहकारी ते आधी उलटं करून बघायचे. मंडईतली मेथी असो, पंगतीतलं केळीचं पान असो. "खालून काय चाललंय ते बघावं," म्हणायचे. वाढपी ताटकळत उभा राहायचा.

ते आमच्या कार्यालयात कृषी सहायक होते आणि मी लिपिक. गाजर गवताचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. बीडहून कुठल्याही रस्त्याला लागा, दोन्ही कडांना पांढऱ्या फुलांचं जे रान माजलेलं दिसतं, ते हेच. कधीतरी परदेशी धान्यातून आलं आणि जावयासारखं ठाण मांडून बसलं. त्यांना त्याची भयंकर खाज सुटायची. ऐन उन्हातही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. दुसरं काम मागून घ्या म्हटलं तर म्हणायचे, "आता कावून? सवय झाली."

या गवतावर सरकारने काढलेला एक उपाय म्हणजे मेक्सिकन भुंगे. ते हेच गवत खातात, पावसाळा संपला की जमिनीत शिरतात आणि पुढच्या पावसात वर येतात. हे आपल्याला कागदावर कळतं. आमचे सहायक मात्र बरणीला जाळी बांधून, मोटारसायकलवर, गावोगाव भुंगे सोडत हिंडायचे.

"सायेब, उद्या आमची तूर खाल्ली म्हंजी?" शेतकरी विचारायचे.

"न्हाई खात. दोन पावसाळे थांबा."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. कार्यालयातला पंखा बंद पडला तरी आम्ही एकमेकांना तेच ऐकवायचो. तेही हसायचे.

पण भुंगे टिकत नव्हते. कुणी फवारणी केली, कुणी बांध पेटवला. मग एका पावसाळ्यात ते भिजलेल्या अंगाने थेट माझ्या टेबलाशी आले. लिंबागणेशच्या रस्त्याला, ओढ्याकाठच्या पट्टीत, आदल्या वर्षीचे भुंगे आपले आपण वर आले होते. "लई हायत हो! अंडी बी घातलीत. आता त्या गवताला कुणी हात लावला न्हाई पायजे." निवृत्तीला थोडे महिने उरलेला माणूस, पण चेहरा बारशाचे पेढे वाटणाऱ्यासारखा झाला होता.

ऑगस्टात निर्मूलन सप्ताहाचं पत्र आलं. भुंगे सोडा, हेही पत्र वरूनच आलेलं. गवत उपटा, हेही वरूनच. दोन्ही मीच वेगवेगळ्या फायलींत लावली. मोठ्या साहेबांच्या हस्ते उद्घाटन होतं. दाट गवताची, गाडी जाईल अशी जागा सुचवायची होती. मला एक जागा चटकन आठवली आणि मी ती लिहून टाकली. का आठवली, याचा क्षणभरही विचार केला नाही. आजही स्वतःला शिव्या घालतो.

ते लिंबागणेशच्या ओढ्याकाठी पोचले तेव्हा निम्मी पट्टी उपटून झाली होती आणि उरलेल्या गवतावर तणनाशकाचा पंप चालू होता.

"सर, हितं भुंगे हायत," ते साहेबांना म्हणाले.

"असं? मग कीटकनाशक पण मारून घ्या," साहेब अगदी आपुलकीने म्हणाले.

बॅनरचं एक टोक कुणीतरी आमच्या सहायकांच्या हातात दिलं, ते त्यांनी फोटो होईपर्यंत नीट धरलं.

गाड्या गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "जागा कुणी सुचवली?"

"मी."

ते म्हणाले, "बरं केलं. रस्त्याजवळ होती, सायबाला चालावं लागलं न्हाई." टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तो टोमणा नव्हता.

दिवाळीनंतर ते निवृत्त झाले आणि लेकीकडे लातूरला गेले. त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही.

यंदा जूनअखेर त्यांचा फोन आला. म्हणाले, "जमलं तर एकदा ती पट्टी बघून या." दुसऱ्याच दिवशी गेलो. गवत पुन्हा उगवलं होतं, पहिल्यापेक्षा दाट. तासभर एकेक झाड बघितलं आणि तिथूनच फोन लावला.

"नाही हो. एकही नाही."

ते म्हणाले, "औंदा पाऊस कमी झाला आसंल तिकडं."

"हो," मी म्हणालो, "कमीच झाला."

ओढा दोन्ही काठ भरून वाहत होता. माझे पाय घोट्यापर्यंत चिखलात होते.