रॅम्पखाली बसलेला मिस्त्री

आमचे मिस्त्री म्हंजे लई हेकट माणूस. माझाच नवरा हाय, म्हणून बोलायचा हक्क मला हाय. रेणापूरपासून धर्माबादपर्यंत कुणालाबी विचारा, आनंदराज मिस्त्रीच्या ट्रॉलीचा जोड सुटला असं ऐकायला मिळायचं न्हाई. तेहतीस वर्षं झाली, लातूर-रेणापूर रोडला आमचं वेल्डिंगचं शेड हाय. ते जोड मारतात आन् मी हातोडीनं त्याच्यावरची खपली ठोकून काढते. खपली निघाली की जोड खरा का खोटा ते उघडं पडतं.

दोन वर्षांपासून मात्र त्यांनी एक नवंच खूळ काढलं. ट्रॉली तयार झाली की तिच्यात खडी भरायला लावायची आन् आपण खाली जाऊन मांडी घालून बसायचं. गिऱ्हाईक खूश! "मिस्त्रीला कामाची केवढी खात्री हाय बघा." मी म्हनायचे, "खात्री हाय तर बाहेर उभं राहून बघा की. खाली काय पुरलंय का तुमचं?" पण ऐकतंय कोण. पुढं पुढं तर रीतच पडली. मिस्त्री खाली बसल्याबिगर कुणी ट्रॉली न्हेईना.

औंदा नांदेडचे राघवेंद्र सर आले. कॉलेजात शिकवतात, पण जीव सगळा जुन्या जीपमध्ये. मुदखेडजवळच्या माळावर रविवारी वीसेक जीपवाले जमणार होते, आन् त्यासाठी त्यांना एक रॅम्प पाहिजे होता. कागदावर काढूनच आणला होता त्यांनी. बारा फूट लांब लोखंडी चढ, एक टोक जमिनीला टेकलेलं, दुसरं माझ्या छातीएवढं उंच. जीपचं पुढचं एकच चाक त्याच्यावर चढवायचं, बाकीची तीन खालीच. हळूहळू वर न्यायचं, आन् खालचं एखादं चाक जमीन सोडायला लागलं की थांबून फूट मोजायचे. जी जीप जास्त चढंल तिचे चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे लवचिक, ती खड्ड्याखुड्ड्यात जमीन सोडणार न्हाई. वर आणखी, सगळं तीन तुकड्यांत पाहिजे, पिना काढल्या की पिकअपमध्ये मावलं पाहिजे.

मी म्हनले, "पैसे देऊन गाडी वाकडी करायची? शहाण्यांचं काय सांगावं!" मिस्त्री मात्र कागदाला नाक लावून बघत बसले. एवढं जवळून कशाला बघतात, असं मनात आलं होतं माझ्या. तवाच विचारायला पाहिजे होतं.

तीन आठवडे काम चाललं. उंच टोकाखालचे शेवटचे दोन लोखंडी पाय जोडायचे राहिले होते, तेवढ्यात भाचीच्या लग्नाला मला धर्माबादला जावं लागलं. परत येऊन बघते तर सगळ्या रॅम्पला लाल रंग मारून तयार.

"खपली कुणी काढली?"

"मी काढली."

"नीट बघितलं का?"

"माया, तू मला जोड शिकवणार का आता?" असं म्हनून आत निघून गेले. मीबी तणतणत राहिले, पण रंग खरवडून बघितलं न्हाई.

शुक्रवारी सकाळी अकराला सर जीप घेऊन आले. आन् आमचे मिस्त्री उंच टोकाच्या खाली शिरून मांडी घालून बसले!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अवो, खडी एका जागी पडून राहती. ही चालती गाडी हाय. निघा बाहेर!"

सर पण म्हनले, "मिस्त्री, खरंच नको. माझ्या हातून काही झालं तर?"

"सर, मी खाली न्हाई बसलो तर रविवारी तुमची माणसं हिच्यावर चाक घालतील का? चालवा तुम्ही."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड फिरवलं. हेकट माणसापुढं किती डोकं आपटायचं?

जीप चढायला लागली. पहिला तुकडा पार, दुसरा पार. इंजिन असं बोंबलत होतं की शेडचा पत्रा थरथरत होता. जीप एका अंगाला कलली. मागचं चाक अजून जमिनीला धरून होतं. सरांनी आणखी वीतभर पुढं घेतली. खाली मिस्त्री मान तिरकी करून, डोळे मिटून बसलेले. मला वाटलं, काय थाट तरी या माणसाचा!

तेवढ्यात मला रेघ दिसली. डावीकडचा पाय जिथं वर जोडला होता, तिथं लाल रंगावर काळी रेघ. केसाएवढी. बघता बघता सुतळीएवढी झाली.

"मिस्त्री! सुटलंय! बाहेर या!" मी बोंबलले. इंजिनापुढं माझा आवाज कुठला ऐकू जातोय? सर पुढंच बघत होते, मिस्त्री डोळे मिटून. मी पळाले. खाली वाकून मिस्त्रीचा दंड धरला आन् सगळ्या ताकदीनं ओढला. ते धडपडत माझ्या अंगावर येऊन पडले. सरांनी घाबरून जीप मागं घेतली आन् त्या हिसक्यासरशी पाय निखळला. उंच टोक धाडकन खाली बसलं. जीप आदळली, डुलली आन् चारी चाकांवर उभी राहिली. मिस्त्रीची मांडी होती तिथं आता लोखंड होतं.

सर उडी मारून उतरले. "लागलं का? मिस्त्री, लागलं का कुठं?"

मिस्त्री उठले. रॅम्पचा तुटलेला पाय उचलला आन् जोडावरून बोट फिरवलं. मीबी बघितलं. जोड सांध्यावर न्हवताच. सांध्याच्या बाजूला, बोटभर सोडून, सरळ रेषेत मारलेला होता. लई सुबक.

"होतं असं कधी कधी," सर म्हनले. भला माणूस.

"होतं असं?" माझा आवाज चिरकला. "जीव गेला असता! अवो, सांधा कुठं आन् जोड कुठं! तुम्हाला दिसलं न्हाई का?"

"न्हाई," मिस्त्री म्हनले.

"न्हाई म्हंजे?"

"दोन वर्षं झाली. समोर धूर धरल्यागत दिसतंय. तू खपली काढतीस, चुकलं तर दावतीस, म्हनून निभलं. पण काही काही जागी तुझी बी नजर जात न्हाई. म्हनून खाली बसतो. जोड सुटायच्या आधी करकरतो, माया. खडी भरताना ऐकू येतं. आज इंजिनानं काहीच ऐकू दिलं न्हाई."

मी दोन वर्षं त्या खाली बसण्याला खूळ म्हनत होते! राग इतका आला, की रडू कुठलं आन् राग कुठला कळंना. "मला सांगायला तुमचं काय जात होतं?"

"तू म्हनली असतीस, बंद करा."

"म्हनलेच असते!"

"म्हनून न्हाई सांगितलं."

सर म्हनले, "मिस्त्री, डोळ्यांवर इलाज असेल. रविवारचं राहू द्या, पुढच्या वर्षी बघू."

"न्हाई सर. तुमची माणसं येणारेत." मिस्त्रींनी हातमोजे काढून माझ्याकडं दिले. "समोरच्या वेल्डिंगवाल्या सटवाजीला बोलवा. पोरगं चांगलं जोड मारतं."

या माणसानं सटवाजीचं नाव आजवर शिवीबिगर घेतलेलं मी ऐकलं न्हवतं. सटवाजी आला, पाय बघितला, मिस्त्रीकडं बघितलं. पाय जागेवर धरला आन् म्हनला, "काका, कुठून कुठवर मारू? बोट ठेवा."

मिस्त्री गुडघ्यावर बसले. मला वाटलं होतं, एकदाचा हेका मोडला की माझ्या मनाला बरं वाटंल. बरं न्हाई वाटलं. त्यांनी सांधा चाचपला आन् बोट ठेवलं. बरोबर जागेवर ठेवलं होतं.