बॅटरीबाईची तार

माझ्या थोरल्या बहिणीला अख्खी इमारत बॅटरीबाई म्हणते. तोंडावर म्हणते, आणि तिला ते आवडतं. मी धाकटा. तिच्या वरच्या मजल्यावर राहतो, विमा कचेरीत कारकुनी करतो आणि वर या इमारतीचा सचिव आहे. म्हणजे तिच्या तक्रारी माझ्याकडे येतात आणि तिच्याबद्दलच्याही माझ्याकडेच.

ताई टेलिफोन खात्यात यंत्रं दुरुस्त करायची. निवृत्त झाल्यावर लोक सकाळचे फिरायला जातात, ही भंगारवाल्याकडे जाऊ लागली. लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटऱ्या पोत्याने आणायच्या, फोडायच्या आणि आतले बोटाएवढे सेल सुटे करायचे. "मरतात त्यातले एक-दोन, आणि मयत जाहीर होतात सगळे," असं ती म्हणते. मग एकेक सेल पूर्ण भरून फळीवर मांडायचा आणि महिनाभर त्याला हात लावायचा नाही. महिन्याने मीटर लावायचा. जो आपोआप उतरला तो बाद.

"भरताना सगळेच शहाणे असतात रे. कोणी बघत नसताना कोण टिकतं, ते बघायचं."

हाच नियम ती माणसांना लावते. निवडणूक झाली की महिन्याने वॉर्डातल्या पुढाऱ्याच्या कचेरीत जाते आणि कबूल केलेल्या गटाराचं काय झालं ते सगळ्यांसमोर विचारते. "मत दिलंय, कुलमुखत्यारपत्र नाही," हे तिचं वाक्य तिथल्या शिपायालाही पाठ आहे. संगणकाचंही तेच. तिचा संगणक माझ्या लग्नाच्या वेळचा, त्यावर कुठलीशी फुकटची, खुली प्रणाली टाकलेली. माझ्या नव्याकोऱ्या लॅपटॉपने एकदा ऐन कामाच्या वेळी "थांबा, बदल चालू आहेत" म्हणून मला तासभर ताटकळत बसवलं. ही शेजारी उभी राहून पोट धरून हसली. "इथे मालक कोण आहे, तू की तो?"

मला तिचा राग येतो, तो अशा वेळी. बरोबर बोलते म्हणून जास्तच येतो.

"तू वाढलास, मोठा नाही झालास," हे मी मिसरूड फुटल्यापासून ऐकतोय. मोठं होणं म्हणजे काय, विचारलं, तर म्हणाली, "समोरचा रागावणार हे माहीत असून नाही म्हणता येणं."

"मग तू जन्मतःच म्हातारी होतीस," मी म्हणालो.

तिच्या मागच्या खोलीत आता त्या सेलांची कपाटभर बॅटरी आहे. तिथून एक तार, नळीतून, फ्यूज लावून, बाहेरच्या भिंतीने तिसऱ्या मजल्यावर जाते. तिथे मास्तर राहतात. इमारतीतल्या अर्ध्या लोकांना त्यांनी पाढे शिकवले. आता त्यांच्या नाकाला नळी आहे आणि पलंगाशी हवेतून प्राणवायू काढणारं यंत्र. आमच्याकडची वीज कधीही जाते. ती गेली की यंत्र ताईच्या तारेवर चालतं. बस, एवढ्यासाठी ती तार.

एकदा तिचा एक सेल धुरावला. तिने तो वाळूच्या बादलीत टाकला आणि स्वतः दारोदार जाऊन सगळ्यांना सांगितलं. लपवलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. तेच आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी धरून ठेवलं. त्यात पुढाऱ्याने इमारतीला बॅटरीचा नवा पेटारा भेट दिला. सभा भरवून फीत कापली, फोटो निघाले आणि त्याच सभेत अध्यक्षांनी ठराव मांडला, की आता बाईंची जोडणी काढून टाकावी.

ताई उठली. "याचं झाकण उघडतं का?"

कंपनीचा माणूस म्हणाला, "नाही, सील आहे."

"इंटरनेट नसेल तर चालू होतो?"

"एकदा मुख्य कार्यालयातून परवानगी आली की होतो."

"ताई, थोडा विश्वास ठेवायला शिका," पुढारी हसून म्हणाला.

"ठेवते की. महिनाभर फळीवर ठेवा, मग सांगते."

लोक खो खो हसले आणि मग ठरावाच्या बाजूने हात वर झाले. मी इतिवृत्त लिहीत होतो, त्यामुळे माझे दोन्ही हात कामात होते.

पुढचे कितीतरी दिवस तो पेटारा जिन्याखाली लाल दिवा मिचकावत बसला. जिन्याखाली इंटरनेट पोचत नव्हतं, परवानगी येत नव्हती. अध्यक्ष रोज "उद्या होईल" म्हणायचे. पण ठरावाची घाई त्यांना होतीच. रविवारी सकाळी ते पक्कड घेऊन आले. वीज नव्हती. तार कापायला ते तिसऱ्या मजल्यावर निघाले, मी मागून गेलो. ताई आमच्याआधीच मास्तरांच्या पलंगाशी जाऊन उभी होती. यंत्र तिच्या तारेवर घुरघुरत होतं.

"कापा," ती म्हणाली. "फक्त इथे कापा, त्यांच्यासमोर. खाली अंगणात नाही."

 मास्तर नळीतून श्वास घेत अध्यक्षांकडे बघत राहिले.  अध्यक्षांनी पक्कड माझ्या हातात दिली. "सचिव, ठरावाची अंमलबजावणी तुमचं काम."

 मी पक्कड खिशात घातली.

"नाही," मी म्हणालो. "लिहून घ्या. सचिवाने तार कापली नाही, कापणार नाही. मला काढायचं तर काढा."

"तुम्ही बहिणीची बाजू घेताय!" अध्यक्ष ओरडले.

"हो," मी म्हणालो. "घेतोय."

ते पाय आपटत खाली गेले. ताईने माझ्याकडे पाहिलंही नाही. खाली वाकून यंत्राचा प्लग घट्ट बसवला आणि तिथूनच म्हणाली, "पक्कड दे इकडे. चांगली आहे, कामाला येईल."