देवपाऱ्याची नऊ-चाळीसची फास्ट पॅसेंजर

हातातला कप आधी खाली ठेवा. ठेवला? मग सांगते. कारण हा गाढवपणा दुसऱ्या कोणाचा असता तर मी तो गेली कितीतरी वर्षं मोठ्या आनंदानं सांगत फिरले असते. दुर्दैवानं तो माझा स्वतःचा आहे.

मी कुंदा मेश्राम. सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन. हो, बाई असले तरी पद ड्राफ्ट्समनच! राज्य नवीन झालं तेव्हा आमचं खातं भोपाळहून उचलून रायपूरला आणलं. राजधानी नवी, ऑफिस नवं, दारावरची पाटी नवी. फक्त बसायला खुर्च्या नव्हत्या आणि करायला काम नव्हतं. नवरा, प्रकाश, भिलाईच्या एका कारखान्यात. आज ही पाळी, उद्या ती पाळी. शंकर नगरच्या भाड्याच्या घरात उरलो कोण? मी, एक जुना कम्प्युटर आणि त्याच्यासोबत फुकट आलेली रेल्वेच्या खेळाची सीडी.

आता हा खेळ म्हणजे साधासुधा नाही बरं. यात गाडी चालवता येतेच, पण रूळसुद्धा आपले आपण टाकता येतात. डोंगर, नदी, पूल, सिग्नल, सगळं! जन्मभर दुसऱ्यांच्या कालव्यांचे नकाशे काढलेल्या बाईला कोणी म्हणालं, 'घे, हा रिकामा मुलूख, टाक तुझी रेल्वे', तर ती काय करेल?

टाकली! इकडच्या पैरी नदीवरून नाव ठेवलं पैरी रेल्वे. रायपूरहून निघायची, अभनपुरवरून पुढे थेट सालवृक्षांच्या जंगलात. अभनपुर म्हणजे माझं सासर. बस स्टँडपासून घरापर्यंत डोक्यावर ऊन आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालायचं माझ्या अगदी जिवावर यायचं. सासूबाईंना 'घर जरा अलीकडे सरकवा' असं म्हणता येतं का? नाही. म्हणून मी कम्प्युटरात त्यांच्या स्वयंपाकघराच्या बरोबर मागे एक स्टेशन बांधलं. देवपारा. प्लॅटफॉर्मवरून हात लांबवला की आमच्या मागच्या दाराची कडी!

चार वर्षं दर रविवारी मी रूळ टाकत होते. मग बढती मिळाली, काम वाढलं, कम्प्युटरवर टॉवेल पडला आणि दोन वर्षं तो टॉवेल उचललाच गेला नाही.

एका दिवाळीच्या साफसफाईत उचलला. म्हटलं, पाहू तरी आपली रेल्वे जिवंत आहे का! उघडते तर काय, सगळं जसंच्या तसं. माझा वाकडा पूल वाकडाच. आणि सालईडीह या माझ्याच एका स्टेशनाबाहेर, लाल सिग्नलसमोर, दोन वर्षांपूर्वी क्रॉसिंगसाठी थांबवलेली मालगाडी अजून तशीच उभी! माझे तर डोळेच भरून आले हो. बिचारा ड्रायव्हर! त्याला पहिले हिरवा दिला, मग बाकीचं घर झाडलं.

मग मी पुन्हा अशी नादी लागले, की काही विचारू नका. नवं टाइमटेबल बनवलं. ऑफिसातल्यासारख्या रेघा मारून, सुबक अक्षरात. आणि ते चिकटवलं कुठे? भिंतीवर. फोनच्या बरोबर वर.

इथेच घात झाला.

त्या वेळी माझी नणंद वैशाली आमच्याकडे राहून नोकरी करत होती. मराठी सगळी समजायची, उत्तर मात्र हिंदीत. तिच्यासाठी गोंदियाचं स्थळ आलं होतं. मुलाचे वडील गजभिये काका, रेल्वेतून रिटायर्ड गार्ड. बघण्याचा कार्यक्रम रविवारी, अभनपुरला, सासूबाईंच्या घरी. गुरुवारी संध्याकाळी फोन वाजला.

"बाई, गोंदियाहून गजभिये बोलून राहिलो. जयभीम."

"जयभीम काका! बोला न."

"रविवारी सकाळी रायपूरले उतरतो आम्ही. पुढं अभनपुरले कसं येऊ? बसचं नाव काढू नको बरं. पस्तीस वर्षं गार्ड होतो. रेल्वेचा माणूस रेल्वेनंच येईल."

मी भिंतीकडे पाहिलं. आणि आयुष्यात कधी नव्हे इतक्या ठाम आवाजात बोलले.

"नऊ-चाळीसची फास्ट पॅसेंजर पकडा काका. पण अभनपुरले नका उतरू, त्याच्या आधी देवपारा आहे. दहा-पस्तीसले पोचते. उतरलं की घर समोरच."

"देवपारा? हे नवीन झालं काय?"

"नवीन कुठचं काका! चार-पाच वर्षं झाली."

"वा! वेगळं राज्य झाल्याचा फायदा आहे बुवा," काका म्हणाले आणि त्यांनी लिहून घेतलं.

तुम्ही म्हणाल, बाई, तुला एकदाही वाटलं नाही का? खरं सांगते, नाही वाटलं! ज्या स्टेशनाची वीट न् वीट तुम्ही रचली, जिथे रांगेत गुलमोहर लावले, ते स्टेशन नाही असं तुम्हाला कसं वाटेल?

रविवार उजाडला. आम्ही तिघं स्कूटर आणि मोपेडवरून मागाहून अभनपुरला जाणार होतो. प्रकाश दाढी करत होता, वैशाली साडीला इस्त्री. नऊ-वीसला काकांचा फोन, मुलाच्या मोबाइलवरून.

"बाई, खिडकीवरचा पोट्टा म्हणते देवपारा नावाचं स्टेशनच नाही!"

"नवीन असंल काका तो. नीट पाहाले सांगा त्याले."

"मी बी तेच म्हणलं! ठेव, पाहतो त्याच्याकडं."

पाहिलंत? चूक झाली होती ती झाली होती, वरून मी त्या गरीब माणसाला भांडायला पाठवलं! दहा मिनिटांनी पुन्हा फोन.

"तिकिटाचं मग पाहू, गाडीत काढू. तू प्लॅटफॉर्म सांग."

"थांबा काका, पाहून सांगते."

आणि मी कम्प्युटर चालू केला. हो! तरीसुद्धा डोक्यात उजेड पडला नाही! पडद्यावर माझी लाडकी गाडी ऐटीत उभी.

"लागली काका! तीन नंबरवर! लाल इंजिन, निळे डबे!"

"तीन नंबरवर त मालगाडी आहे, बाई."

"मग तिच्या पल्याड असंल. वाकून पाहा न!"

आणि मला फोनमधून स्पष्ट ऐकू आलं, काका मुलाला म्हणत होते, "नितीन, वाक रे जरा."

इतक्यात अर्ध्या गालावर साबण घेऊन प्रकाश मागे येऊन उभा राहिला.

"कुंदा, कोणती गाडी उभी आहे?"

"नऊ-चाळीसची."

"कुठं?"

मी बोट दाखवलं. पडद्याकडे. आणि ते बोट तिथेच राहिलं.

पायाखालची फरशी हलली म्हणतात ना, तसं काही झालं नाही. फरशी आपल्या जागी होती. मीच खाली बसले. प्रकाशच्या गालावरून साबण ओघळला. वैशाली इस्त्री हातात धरून दारात आली आणि हळूच म्हणाली, "भाभी... आपने उनको गेम का टाइमटेबल बता दिया?"

स्थळ चांगलं होतं हो. मुलगा शिकलेला, नोकरीवाला, फोटोत हसरा. वैशालीनं आधी दोन स्थळं नाकारली होती. या फोटोकडे मात्र ती 'कुछ खास नहीं' म्हणत रोज पाहत होती. आणि मी त्या मुलाला मालगाडीखाली वाकायला लावलं होतं!

स्कूटर काढली. स्टेशनपर्यंत कोणते सिग्नल लाल होते, विचारू नका. मी पाहिले नाहीत.

आत शिरले तर चौकशीच्या खिडकीपाशी ही गर्दी! मध्ये काका उभे, पांढरा शर्ट, खिशाला पेन, समोर उघडी तक्रारवही. दीड पान भरलं होतं. खिडकीतला बाबू रडकुंडीला आलेला.

"चाचाजी, कितनी बार बोलूं, देवपारा कहीं है ही नहीं!"

तेवढ्यात डोक्यावर गाठोडं घेतलेले एक आजोबा गर्दीतून पुढे आले. "हव भैया, हे न देवपारा! मैं पउर साल गे रहेंव."

गेल्या साली जाऊन आले होते म्हणे! माझ्या स्टेशनावर!

"पाहा!" काका गरजले. "पब्लिक जाऊन आली, आणि तुमाले माहीत नाही!" मागून दोघा-तिघांनी 'हमको भी देवपारा जाना है' सुरू केलं. अजून पाच मिनिटं गेली असती तर आंदोलन झालं असतं आणि रेल्वेला खरंच ते स्टेशन बांधावं लागलं असतं.

मी काकांची बाही धरून त्यांना बाजूला घेतलं. "काका, त्या बाबूची काही चूक नाही. देवपारा नाही आहे."

"नाही आहे?"

"आहे... पण माझ्या कम्प्युटरात. मीच बांधलं. फास्ट पॅसेंजर बी माझीच."

सगळं सांगितलं. खेळ, टाइमटेबल, फोन. काकांसोबत आलेल्या काकींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडताहेत. खांदे हलायला लागले तेव्हा कळलं, हसताहेत! नितीनच्या गुडघ्यांना वाकून वाकून धूळ लागली होती, तोही तोंड फिरवून उभा. काका मात्र हसले नाहीत. ते सावकाश खिडकीपाशी गेले, बाबूला हात जोडले. "साहेब, माफी द्या. गलती आमच्या घरची आहे."

आमच्या घरची! मी तो शब्द ऐकला आणि पकडून ठेवला.

मग त्यांनी तक्रारवही ओढली आणि दीड पानाखाली हिंदीत लिहिलं, 'शिकायत वापस. स्टेशन मिल गया.' पेनाचं टोपण लावलं आणि माझ्याकडे वळले.

"चल. दाखव."

"काय काका?"

"तुझी रेल्वे."

अभनपुर राहिलं बाजूला, सगळी वरात शंकर नगरला आमच्या घरी! काका खुर्चीत बसले. चष्मा पुसला. ब्रेकचं प्रेशर कुठे दिसतं, शिट्टी कशानं वाजते, दोन प्रश्न विचारले आणि गाडी सोडली. प्रकाश घाबरत म्हणाला, "काका, पाच मिनिटं पाहून निघू का? अभनपुरले आई वाट पाहून राहिली."

"गाडी अर्ध्यात सोडून गार्ड उतरत नसते," काका म्हणाले.

आता देवपाऱ्याचा प्रवास पंचावन्न मिनिटांचा. माझा हट्टच होता ना, सगळं खऱ्यासारखं हवं! पंचावन्न म्हणजे पंचावन्न. काका पुलावर गाडी हळू करायचे, फाटकाआधी शिट्टी द्यायचे, मधूनच मागे न वळता मला झापायचे. "इथं वळणावर सिग्नल दिसते काय ड्रायव्हरले? काहून लावला इथं? माणूस मारतं काय?"

"चुकलं काका."

सासूबाईंचा फोन. "कुठं आहेत पाहुणे?"

"आई, आत्ताच सालईडीह सोडलं त्यांनी."

"हे कुठं आलं?"

"देवपाऱ्याच्या अलीकडं," मी म्हटलं. प्रकाशनं कपाळावर हात मारला.

इकडे हे चालू असताना चहा करायला गेलेली वैशाली परत येईना. नितीन साखरेचा डबा काढून द्यायला म्हणून उठला, तोही येईना. गाडी देवपाऱ्यात शिरली, अगदी पाटीसमोर थांबली, काकांनी घड्याळ पाहिलं आणि ओशाळून म्हणाले, "दोन मिनिटं लेट झालो." तेव्हा कुठे चहा आला. ट्रे नितीनच्या हातात. वैशाली माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "भाभी, अभनपुर जाना जरूरी है क्या? हमारा तो हो गया."

गेलो अर्थातच. जीप करून. सासूबाई गार झालेल्या पोह्यांसमोर त्याहून गार चेहऱ्यानं बसल्या होत्या. काका आत आले, नमस्कार केला आणि सरळ स्वयंपाकघरातून मागच्या दारात जाऊन उभे राहिले. समोर नुसतं शेत.

"इथंच न?" त्यांनी मला विचारलं.

"हो काका. या दाराला लागूनच."

"पिण्याच्या पाण्याचा नळ नाही तुझ्या प्लॅटफॉर्मवर. लाव." आणि मग ते पहिल्यांदा हसले. असे हसले, की काय झालं ते न कळताच सासूबाईही हसायला लागल्या. लग्न तिथेच, त्या मागच्या दारात, पक्कं झालं.

आता तुम्हाला वाटेल, संपलं. कुठचं!

लग्न गोंदियाला. आमचं वऱ्हाड रायपूरहून रेल्वेनं जाणार. सासूबाईंनी फर्मान काढलं, 'गाडीचं काहीही कुंदाले विचारू नका.' मला नुसतं लाडू मोजायला बसवलं. पण मी जबाबदार बाई! निघायच्या दिवशी मी स्वतः चौकशीला फोन लावला. खरोखरच्या, सरकारी चौकशीला. गाडी एक तास लेट! ओरडून सगळ्यांना सांगितलं. कोणी ऐकलं? सासूबाई म्हणाल्या, "तुझी गाडी लेट असंल. आमची टायमावर आहे." आणि सगळे निघून गेले.

जा, म्हटलं, बसा फलाटावर तासभर. मी ऐटीत आलं घालून चहा केला, शांतपणे प्यायले, केसांत गजरा माळला, ऑटो केला आणि एकदम हिशोबात स्टेशनवर पोचले.

गाडीनं लेट झालेला वेळ भरून काढला होता. गेली होती.

मी बसनं गेले. तीन ठिकाणी बदलून. पोचले तेव्हा बुद्धवंदना झाली होती, हार घालून झाले होते, वैशाली रडूनही झाली होती. तिच्या लग्नाच्या अख्ख्या अल्बममध्ये मी एकाच फोटोत आहे. शेवटची पंगत, माझ्या मांडीवर अजून प्रवासाची पिशवी, तोंडात अर्धी जिलेबी. बाजूला गजभिये काका वाकून माझ्या पानात भात वाढताहेत आणि काहीतरी बोलताहेत. लोक विचारतात, काय म्हणत होते ते?

ते म्हणत होते, "बाई, रेल्वे बांधता येते तुले, चालवता बी येते. आता फक्त पकडाले शिक."