वासराला आधी

माझा पहिला मुलगा बारशाआधीच गेला, तेव्हा सगळ्यांनी ‘देवाची इच्छा’ म्हणून हात झटकले. तेव्हापासून माझं देवीशी वाकडं होतं. दिवा लावायची, पण तोंडाने नाव घ्यायची नाही. लेकरू नेणाऱ्या देवीला कसला नमस्कार?

पुढच्या खेपेला मुलगी झाली. आम्ही जव्हारला राहायचो. हे संस्थानच्या कचेरीत कारकून, पण घरात राज्य सासूबाईंचं. बाळंतिणीचं पहिलं पिवळट दूध, म्हणजे चीक, बाळाला सोसत नाही, ते पिळून टाकायचं आणि तिसऱ्या दिवसापर्यंत बाळाला गूळपाण्याचा बोळा चोखवायचा, ही त्यांची रीत. पहिल्याच्या वेळीही हेच केलं होतं. इकडे माझी छाती भरून ठणकत होती आणि तिकडे पोर ओली चिंधी चोखून दमत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने रडणंच सोडलं. पावलं गार लागायला लागली. मी “पाजू द्या हो” म्हणून गयावया केली, तर सासूबाई म्हणाल्या, “घरची रीत मोडायची नाही. देवावर भार टाक.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाळंतपणाच्या सोयरात देवाला शिवायचं नाही, पण पोर मरायला लागली की भार त्याच्यावरच टाकायचा! मी भिंतीकडे तोंड करून देवीला चांगलं खडसावलं. “एक नेलंस. हिला राखायची असेल तर काय करू ते सांग. माझी अक्कल संपली.” बोलता बोलता रडू फुटलं.

कुडाच्या भिंतीपलीकडे गोठा होता. गाय नुकतीच व्यायली होती. पोशेरा गावचा आमचा गडी सासूबाईंना विचारत होता, “आई, चीक सगला काढू का? खरवसाला व्हईल.”

आणि सासूबाई कडाडल्या, “मेल्या, वासराला आधी पाज! पहिला चीक पोटात गेल्याशिवाय ते उभं राहायचं नाही. खरवस कुठे पळून जातोय?”

आवाज त्यांचाच होता, त्यात वाद नाही. मला मात्र सांगणारी दुसरीच वाटली. मी कुणाला न विचारता पोरीला पदराखाली घेतलं. आधी तिला ओढताच येईना. मी थेंब थेंब चीक तिच्या तोंडात पिळला. कितीतरी वेळाने तिच्या गळ्यात घोट हलला.

सासूबाई बोळा आणि गूळपाण्याची वाटी घेऊन आत आल्या आणि थबकल्या. “हे काय चाललंय?”

“वासराला आधी, मग माझ्या लेकीला का नाही?”

त्यांनी वाटी खाली ठेवून गोधडी ओढली आणि म्हणाल्या, “पाय झाक तिचे.”

गाय त्याच दिवशी व्यायली हा योगायोग असेल; मी वाद घालत नाही. पहिलं लेकरू गेल्याचा राग अजून आहे, पण तो त्या रीतीवर. भार टाकणं म्हणजे हातपाय गाळून बसणं, असं आता मला कुणी शिकवू नये. मी भार टाकला, तेव्हा देवीने मला कामाला लावलं. त्या दुपारी तिला नमस्कार करावासा फार वाटला, पण लेक दूध पीत होती आणि हात जोडायला मोकळे नव्हते.